उपकरण सदोष

भार्गवीने यंत्राची चौकट कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली, रीसेटचे बटण दाबले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला आत यायची खूण केली. तो चौकटीत उभा राहिला, आखलेल्या खुणांवर पावले ठेवली, तळवे दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना टेकवले. दहा सेकंदांनी डोक्यावर लाल दिवा लागला आणि भोंगा केकाटला. मागे रांगेत कुणीतरी हसले. पावणेआठ वाजले होते, आठला शिफ्ट बदलायची होती आणि गेटाबाहेर शंभर-सव्वाशे माणसे डब्याच्या पिशव्या सांभाळत ताटकळली होती.

"जा तुम्ही," ती म्हणाली आणि टेबलावरच्या वहीत त्याच्या पासाचा नंबर लिहून पुढे दोन शब्द लिहिले. उपकरण सदोष. खाली सही.

हे दोन शब्द ती गणपतीच्या आधीपासून लिहीत होती. अणुवीज प्रकल्पाच्या त्या गेटावर अशी दोन यंत्रे होती. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्यातून जायचे. अंगावर किंवा कपड्यांवर किरणोत्सर्गी असे काही चिकटलेले असेल तर लाल, नसेल तर हिरवा. पण प्रकल्प होता उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, आणि खाली समुद्र. पावसाळाभर वर येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेने यंत्रांचे आतले भाग खाल्ले होते. ऑगस्टपासून ती कधी आत कुणी नसतानाच ओरडायची, कधी दहातल्या सहांना लाल दाखवायची. ज्याला लाल लागेल त्याला बाजूला घेऊन हातातल्या मीटरने डोक्यापासून पायापर्यंत तपासायचे, असा नियम होता. हातातले मीटर होते तीन. एक मुंबईला दुरुस्तीला गेला होता तो गेलाच. दुसऱ्याचा काटा शून्यावर चिकटून बसला होता. तिसरा दोन-तीन माणसे तपासून झाली की मान टाकायचा. दोन-तीन माणसांनंतर उरलेल्यांना 'जा तुम्ही' म्हणण्यावाचून भार्गवीच्या हातात काही नव्हते.

तिने ते वर कळवले नव्हते असे नाही. दोनदा लेखी दिले होते. विभागप्रमुख विनीत देवस्थळी माणूस वाईट नव्हता. तिच्यासमोरच तो पुरवठादाराला फोन लावायचा, फोन ठेवायचा आणि चष्मा काढून डोळे चोळायचा. सुटे भाग बाहेरून यायचे होते आणि वाटेत कुठल्यातरी कागदावर अडले होते. यंत्र बंद करावे तर नियमाने गेट बंद, गेट बंद तर प्रकल्प बंद. म्हणून यंत्र चालू होते.

रत्नागिरीतल्या एका शाळामास्तरांची ही मुलगी, फिजिक्स घेऊन शिकलेली, चौदा वर्षे या नोकरीत होती. आकडा खोटे बोलत नाही, ही तिची लहानपणापासूनची समजूत. गेले दोन महिने ती घरी जाऊन जेवायला बसली की भोंगा वाजल्यासारखे वाटून दचकायची.

आत्माराम घवाळीला लाल लागला तेव्हा म्हणूनच तिने वर पाहिलेसुद्धा नाही. आत्माराम धुलाईवर होता. आत कामाला जाणारी माणसे जे पांढरे बॉयलर सूट घालतात, ते धुण्याच्या कामावर, अकरा वर्षे, ठेकेदाराकडून. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. दोन्ही यंत्रांतून तो गेला, दोन्ही लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. भार्गवी काही बोलायच्या आत त्यानेच म्हटले की मशीन नादुरुस्त आहे, सगळ्यांनाच वाजते. ते खरेच होते. तिने लिहिले आणि सोडले.

तिसऱ्या दिवशी हवा कोरडी होती. ऑक्टोबरचे ऊन सकाळीच चटचटत होते, आणि असल्या दिवशी यंत्रे जरा शहाण्यासारखी वागायची. साठ माणसे हिरव्यावर गेली. आत्माराम चौकटीत उभा राहिला आणि भोंगा वाजला. दुसऱ्या यंत्रात उभे केले, तिथेही. त्याच्या मागचा हिरवा, त्याच्या मागचाही हिरवा. भार्गवीने पेन खाली ठेवले. तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की हा माणूस बाहेर पडताना वाजत नाहीये. हा आत येताना वाजतोय, घरून.

तिने त्याला बाजूच्या खोलीत नेले. तिसऱ्या मीटरमध्ये घरून आणलेली नवी बॅटरी घातली. तळवे, केस, छाती, पायातल्या चपला, कुठेच काही नव्हते. मीटर हळूहळू टिकटिकत राहिला. मग शर्टाच्या डाव्या खांद्यापाशी आला आणि टिकटिकीची एकदम सर लागली. तिने मीटर दूर नेला, पुन्हा जवळ आणला. खांद्यावर आणि गळपट्टीच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत.

"शर्ट काढून ठेवा," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरा देते."

त्याने शर्ट काढला, सवयीने चौघडी घातली आणि टेबलावर ठेवला. काय झाले असे त्याने विचारले नाही. तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवे होते.

शर्ट पिशवीत घालून ती प्रयोगशाळेकडे निघाली. धुलाईतून काही बाहेर गेले असेल, या माणसाच्या घरी गेले असेल, आणि दोन महिने आपण प्रत्येकाला 'जा तुम्ही' म्हणत आलोय. किती जणांबरोबर काय काय गेले असेल? प्रयोगशाळेतल्या यंत्राने अर्ध्या तासाने उत्तर दिले. आयोडीन. फक्त किरणोत्सर्गी आयोडीन. ते तिने दोनदा वाचले. प्रकल्पातून आलेले असते तर आयोडीन असे एकटे आले नसते, त्याच्याबरोबर त्याचे चार सोबतीही दिसले असते. नुसते आयोडीन एकाच ठिकाणाहून येते. दवाखान्यातून, गळ्यातल्या थायरॉइडच्या औषधातून.

खोलीत परत आली तेव्हा आत्माराम दिलेला शर्ट न घालता, मांडीवर धरून बसला होता.

"घरी कुणाला गळ्याचं औषध दिलंय का, आत्मारामदादा? मुंबईला?"

त्याने मांडीवरच्या शर्टाची घडी सारखी केली. मग सांगायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबला नाही.

मुलगी. ज्ञानेश्वरी. रत्नागिरीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यात गळ्याला गाठ लागली हाताला. मुंबईला भावाकडे नेले, तिथे मोठ्या इस्पितळात गाठ काढली, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा बरा होणारा आहे, घाबरू नका. मग गणपती झाल्यावर तिला पुन्हा बोलावले आणि एका खोलीत एकटीला ठेवून कसलीशी गोळी दिली. चौथ्या दिवशी घरी सोडताना कागद दिला. एकवीस दिवस तिने वेगळे झोपायचे, बाकीच्यांनी दोन हात लांब बसायचे, ताट वेगळे, कपडे वेगळे धुवायचे. भावाच्या ओळखीच्या गाडीतून मागच्या सीटवर एकटीला बसवून आणले. इस्पितळात पोर रडली नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आईने तिचे भाकरीचे ताट उंबऱ्याशी ठेवले आणि लांबून काठीने आत सरकवले, तेव्हा मात्र तिला हुंदका आवरेना. तो कामावर निघण्यासाठी शर्ट घालत होता.

"रडत व्हती," आत्माराम म्हणाला. "मी लांब कसा ऱ्हानार? गेलो, धरलं. खांद्यावर डोकं ठेवलान तिनं. मंग रोजचंच झालं, निघायच्या टायमाला."

भार्गवीला रागवायचे होते. तो कागद का दिला होता ते समजावायचे होते. तिने शर्टाच्या पिशवीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली की असे करायचे नसते, ते औषध घामातून, आसवांतून बाहेर येते, तुमच्याच तब्येतीसाठी सांगितलेले असते. तो म्हणाला, माझे काय व्हायचे ते होऊ दे.

हे कंपनीत का सांगितले नाही, तेही त्याने सांगितले. प्रकल्प यायचा होता तेव्हा आख्खा गाव विरोधात होता. त्याने नोकरी धरली म्हणून भावकीने कैक वर्षे त्याच्या घरचे पाणी घेतले नव्हते. आता कुठे येणे-जाणे सुरू झाले होते. पोरीचे कळले तर गाव काय म्हणेल, हे सांगायची गरज नव्हती. आणि पुढे तिचे लग्न व्हायचे होते. गावात मानेचे साधे गळू म्हणून सांगितले होते.

तो थांबला. मग नवा शर्ट अंगात घालत, बटणे लावत, तिच्याकडे न बघता म्हणाला,

"मॅडम, एक इचारू? तिचं माज्या शर्टाला लागलं. तसं माजं कंदी तिला लागलं नसल ना?"

प्रश्न ऐकून भार्गवीला सुटल्यासारखे वाटले, कारण याचे उत्तर तिला येत होते. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तुमच्या छातीवरच्या, किरणे मोजणाऱ्या बॅजचे अकरा वर्षांचे आकडे माझ्याकडे आहेत, ती म्हणाली, एकही वावगा नाही. आणि कपड्यांवरून काही घरी गेले असते तर ते गेटावरच कळले असते. ते यंत्र त्यासाठीच ठेवलेले आहे.

आत्मारामने दाराकडे पाहिले. बाहेर भोंगा वाजत होता.

"ह्येच यंत्र?" त्याने विचारले.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच तिला ते झोंबले. आत्ताच दोन महिने बिघडलेय, ती म्हणाली, त्याआधी नीट चालत होते, दाखवते तुम्हाला. उठून तिने कपाटातून गेटाच्या जुन्या वह्या काढल्या. एकेक वही उघडून त्याच्यापुढे पाने उलटायला लागली. महिनेच्या महिने हिरव्या खुणा. तो वाकून बघत होता. तिसऱ्या वहीत, अडीच वर्षांपूर्वीच्या जुलैत, पाने बदलली. तेव्हा प्रकल्प देखभालीसाठी बंद होता, आत तिप्पट माणसे कामाला होती आणि धुलाईवर बॉयलर सुटांचे डोंगर यायचे. ती ते पान पटकन उलटणार होती, पण त्याचे बोट आधीच तिथे टेकले होते.

"उ-प-क-र-ण सदोष," त्याने वाचले. खालच्या ओळीत तेच. त्याच्या खालच्या ओळीतही. त्याने पान उलटले. सगळे मिळून एकोणीस दिवस.

"म्हंजे काय ह्याचा?"

"यंत्र बिघडलं होतं."

"मंग तवा मी घरी कसा गेलो?"

"सोडलं तुम्हाला."

"कोनी?"

प्रत्येक ओळीच्या शेवटी तिरकी, घाईत केलेली सही होती.

"मी," भार्गवी म्हणाली.

त्यानंतर ती पाऊण तास बोलली. या आजाराची सुरुवात कधी होते, कशाने होते, किती वर्षे लागतात, कपड्याला चिकटलेल्या कणाने काय होऊ शकते आणि काय होऊच शकत नाही. सगळे खरे होते. कुठल्याही परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. आत्माराम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. पण त्याने विचारले होते त्याचे उत्तर एका शब्दाचे होते, आणि वही उघडी असेपर्यंत तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. तोही त्या शब्दाची वाट बघत होता. मग त्याने वाट बघणे सोडले, उठला, आणि कामाला उशीर झाला म्हणाला.

शर्टाचे तिने विनीत देवस्थळीला जाऊन सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पहिले वाक्य असे काढले की म्हणजे यंत्र एकदा तरी बरोबर होते म्हणायचे. मग तो गंभीर झाला. आत्मारामला त्या एकवीसातले उरलेले दिवस भरपगारी घरी बसवायचे त्याने ठेकेदाराच्या माणसाला, हर्षदला, तिच्यासमोरच फोन करून पटवले. कारण सांगितले नाही. पण नोंद करू नको, म्हणाला. इथल्या गेटावर, इथल्या कामगाराच्या शर्टावर आयोडीन सापडले, एवढी एक ओळ या इमारतीबाहेर गेली की पुढची ओळ कोण वाचणार आहे? उद्या बाजारात इथल्या बांगड्याला कुणी हात लावणार नाही. आणि त्या मुलीचे नाव झाकून राहील असे तुला वाटते का?

भार्गवीला त्याचे म्हणणे खोडता आले नाही. तिने गेटावर येऊन वही उघडली. आत्मारामच्या पासाच्या नंबरापुढची जागा सकाळपासून कोरी होती. त्या दोन महिन्यांत ज्या एका माणसाच्या बाबतीत यंत्र खरे बोलले होते, त्याच्यापुढे तिने उपकरण सदोष असे लिहिले आणि सही केली.

सुटे भाग नोव्हेंबरच्या मध्याला आले. त्यांच्याबरोबर आलेल्या इंजिनियरने दोन दिवसांत दोन्ही यंत्रे उघडून, धुऊन-पुसून उभी केली. हातातले दोन मीटरही नवे आले. गेटावर शांतता पसरली. आत्माराम कामावर परतला, चौकटीत उभा राहिला, हिरवा दिवा लागला आणि तो आत गेला. पहिल्या दिवशी भार्गवीने त्याच्याकडे मुलीची चौकशी केली. बरी आहे, तो म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारले, तेव्हाही तेच म्हणाला. ती त्यावर समाधान मानून राहिली. मानावेसे वाटत होते म्हणून.

जानेवारीत एके दिवशी दुपारी गेटावरून निरोप आला की कुणी मुलगी भेटायला आली आहे. पाहुण्यांच्या खोलीत एक उंच, सावळी मुलगी गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून बसली होती. कॉलेजातून थेट आली होती, सॅक मांडीवर होती.

"मी ज्ञानेश्वरी घवाळी," ती म्हणाली. "पप्पांना सांगू नका मी आले होते."

तिची तब्येत चांगली होती. मुंबईची तपासणी झाली होती, डॉक्टर खूश होते. हे सगळे तिने दोन वाक्यांत उरकले. मग तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले.

"मॅडम, मला एकवीस दिवस सांगितले होते. आता तीन महिने होऊन गेले. पप्पा अजून पडवीत झोपतात. कामावरून आले की विहिरीवरच आंघोळ करतात, कपडे कुंपणावर टाकतात. जेवायला आमच्यात बसत नाहीत. मला वाटलं, माझी भीती बसली त्यांच्या मनात. मी किती वेळा सांगितलं, आता काही नाही माझ्यात. मग आई म्हणाली, त्यांना तुझी नाही भीती वाटत. स्वतःची वाटते."

भार्गवीने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"आधी लांब राहायचं होतं तेव्हा रोज जवळ यायचे," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे मशीन असतं ना हातातलं? ते लावून दाखवा त्यांना. आकडा बघितला की पटेल. माणसांचं नाही ऐकत ते आता."

दर महिन्याला आसपासच्या गावांतून दूध, भात, मासळी आणि माती यांचे नमुने गोळा करायला विभागाची जीप फिरायची. पुढच्या फेरीला भार्गवी स्वतः निघाली आणि सकाळी दहाच्या सुमाराला घवाळींच्या वाडीत उतरली. आत्मारामची सुट्टी होती. तो अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी सारखी करत होता. जीप पाहून तो खाली उतरला, हात झटकले आणि चार पावले लांबच उभा राहिला. त्याची बायको मालन लगबगीने खुर्ची घेऊन आली, पाणी आणले, कोकमाचे सरबत करते म्हणाली. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, गिलावा न केलेले, पुढे पडवी. पडवीच्या कोपऱ्यात गुंडाळलेली गोधडी, एक ताट आणि एक तांब्या. उघड्या दारातून आत भिंतीला लावलेली खाट दिसत होती आणि खाटेवर वही घेऊन बसलेली ज्ञानेश्वरी. तिने भार्गवीला ओळख दाखवली नाही.

नमुन्याला आलोच आहोत तर म्हटले तुम्हालाही बघून घ्यावे, भार्गवी म्हणाली. आत्मारामने मीटरकडे पाहिले आणि त्याला सगळे कळले असावे, कारण त्याने एकदा आत, खाटेकडे नजर टाकली. मग न बोलता हात पुढे केले.

तिने आधी मोकळ्या अंगणात आकडा दाखवला. नऊ. मग त्याच्या तळव्यांवर, दंडांवर, केसांवर, छातीवर, कुंपणावर वाळत टाकलेल्या शर्टावर. नऊ. आठ. नऊ. प्रत्येक वेळी मीटरचे तोंड त्याच्याकडे वळवून तिने त्याला स्वतःला वाचायला लावले. आणि मग ती जे बोलायला आली होती, वाटेत जीपमध्ये मनाशी घोकत आली होती, ते बोलली.

"तुमच्यामुळे झालेलं नाही, आत्मारामदादा. नाही."

मालनने पदराने तोंड पुसले. आत्माराम आकड्याकडे बघत होता.

"नवा हाय काय मीटर?" त्याने विचारले.

"नवा आहे. नोव्हेंबरातच आलाय. तपासून आणलाय मी."

त्याने मान हलवली. वह्यांच्या खोलीत हलवली होती तशीच. त्याला वाटतेय की हाही अडकलाय, नऊवर चिकटून बसलाय, भार्गवीच्या मनात आले. मीटर जिवंत आहे हे त्याला दिसायला हवे होते. ती घाईने वळली, पडवीत चढली आणि मीटर घराच्या भिंतीला टेकवला. आकडा हलला. अकरा, तेरा, पंधरा.

"हे बघा," ती म्हणाली. "चालू आहे की नाही? जांभ्यात रेडिएशन असतं थोडंसं, जन्मतःच असतं. सगळ्या कोकणातल्या घरांना आहे, माझ्याही घराला आहे. काही होत नाही त्यानं. तुमच्यापेक्षा ह्या चिऱ्याचं जास्त आहे, बघा."

ती हसली. ती हसली म्हणून मालनही हसली. आत खाटेवर ज्ञानेश्वरीने वही मिटली आणि बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले.

आत्माराम पुढे आला. पंधराचा आकडा त्याने जवळून वाचला. हा चिरा त्याने स्वतः खाणीवरून आणला होता, लग्नाआधी, एकेक निवडून. त्याने वरपासून खालपर्यंत भिंत पाहिली आणि मग दारातून आत पाहिले, जिथे तीच भिंत होती आणि तिला लागून खाट होती.

"तसं नाही म्हणायचं मला," भार्गवी म्हणाली. "दादा, ऐका—"

तो तांब्यातल्या पाण्याने हात धूत होता. कोपरापर्यंत धुतले, टॉवेलला पुसले, चप्पल काढली आणि उंबरा ओलांडून आत गेला. मालन जागची उठली. किती दिवसांनी तो आत शिरला होता, ते तिला ठाऊक होते.

"ज्ञाना, ऊठ," तो म्हणाला. "त्या बाजूनं धर."

मुलगी उठली. तिने दाराकडे, मीटर हातात धरून उभ्या असलेल्या बाईकडे एकवार पाहिले. मग वाकून खाटेचा पायथा धरला. आत्मारामने उशाकडची बाजू धरली. दोघांनी मिळून खाट उचलली आणि सावकाश, पाय घासू न देता, खोलीच्या मधोमध आणून ठेवली. त्याने वितीने दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. खाट एक वीतभर पुन्हा सरकवली. चादरीची सुरकुती हाताने साफ करायला गेला, पण चादरीला हात लागायच्या आतच तो मागे घेतला.

"आता हितंच झोपायचं," तो म्हणाला.

"बरं, पप्पा."

भार्गवीने मीटर बंद केला. आत आत्माराम मागे सरत सरत दारापर्यंत आला, आणि तिथून एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघत उभा राहिला.